माझ्या चेहऱ्याची कॉपी केस

कुंदा,

काल तुझी तेरवी झाली. जेवणं आटोपली, पाहुणे गोंदियाची गाडी धरायला निघाले, आणि मीही अंगणात चपला शोधत होते तेव्हा तुझी सून वर्षा आतून एक पुडकं घेऊन आली. "मॅडम, हे तुमचं आहे. आईंनी सांगून ठेवलं होतं, तुमच्याच हातात द्यायचं म्हणून." खाकी कागद, सुतळी, आणि गाठीवर लाल लाखेचं सील. पुडकं हातात घेताना माझ्या मनात पहिला विचार कोणता आला, सांगू? आता हिचा काय डाव आहे, हा! तू जाऊन तेरा दिवस झाले होते, आणि मी तुझ्याच अंगणात उभी राहून तुझ्यावर संशय घेत होते. तुला यात नवल वाटलं नसतं म्हणा.

आत काय आहे ते मला हाताच्या वजनावरूनच कळलं. लिनोचा ब्लॉक, छाप काढायला कोरतात तो. माझा चेहरा. याच ब्लॉकपायी आपण तीन महिने बोललो नाही. प्रश्न एवढाच होता, की माझ्या माघारी तू त्यावर कटर चालवलंस की नाही. तू "नाही" म्हणालीस, मी मानलं नाही. मग एके दिवशी सकाळी धानाच्या रोवणीला निघालेल्या बायांना हाक मारता मारता तू ओट्यावरच बसलीस आणि उठलीच नाहीस. भांडण तसंच राहिलं. तुझं बरं झालं, तू सुटलीस. मी कोणाशी भांडू?

खरं सांगते, मेलेल्या माणसाशी असं बोलू नये म्हणतात, पण मला तुझा रागच आला होता. आधी राग आला, रडू फार मागून आलं.

देवरीच्या शाळेत आपण सव्वीस वर्षं एका स्टाफरूममध्ये काढली. मी गणिताची, तू ड्रॉइंगची. फेब्रुवारी लागला की मी तुझे तास घ्यायची. विचारायचीही नाही. वर्गात शिरायची आणि म्हणायची, "मॅडम, दहावीचा पोर्शन राहिला आहे." तू रंगांची डबी उचलायचीस आणि निघायचीस. एकदाच दारात थांबून म्हणाली होतीस, "विमल, यांना वर्तुळ काढता येत नाही अजून, तू त्याचं क्षेत्रफळ कायले शिकवून राहिली?" पोरं हसली. मी तो अपमान बरीच वर्षं जपून ठेवला.

आणि माझी ख्याती तर सगळ्या तालुक्यात. कॉपी पकडावी तर विमल मॅडमनं. कोणाच्या बाहीत चिठ्ठी आहे, कोणी कोणाचं उतरवलं, हे मी चालीवरून सांगायची. दोन पेपर शेजारी ठेवले की अक्षराचा कल पाहून ओळखायची, मूळ कोणाचं आणि नक्कल कोणाची. कॉपी केस झाली की पेपर खाकी कागदात बांधायचा, लाख लावायची, सांध्यावर दोघींनी सही करायची. वर माझी, खाली साक्षीदार म्हणून तुझी. तुझी सही डाव्या हाताची, मागे रेललेली. सील लावताना तू दर वेळी पुटपुटायचीस, "लेकराचं वर्ष गेलं नं बाप्पा."

माणसं लपवतात, हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण मीच लपवत होते. बत्तिसाव्या वर्षी ओठाच्या डाव्या कोपऱ्यात तांदळाएवढा पांढरा ठिपका आला. मग हनुवटी, मग डाव्या डोळ्याभोवती, मग दोन्ही हात. कोड. लोक "पांढरे डाग" म्हणायचे, जणू तसं म्हटल्यानं ते कमी पांढरे होणार होते. स्थळं यायची थांबली. हळदीकुंकवाला बाया मला हात लांब करून कुंकू लावायच्या. एका बाईनं माझ्या देखत आपल्या लेकीच्या हातातला मी दिलेला पेढा काढून घेतला. तेव्हापासून कोणी माझ्याकडे पाहिलं की मी आधी हिशेब करायची, हा कुठे पाहतो आहे. पूर्ण बाह्या, डाव्या गालावर ओढलेला पदर, आणि दरवर्षीच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत, बरोबर तुझ्या खांद्याआड. तू आडव्या अंगाची. तुझ्या खांद्यामागे माझा डावा गाल अख्खा मावायचा. मला वाटायचं, काय हुशार आहे मी!

निवृत्तीनंतर तू कामठ्याला गेलीस, मी गोंदियात राहिले. दोन वर्षांपूर्वी तुझा फोन आला, "विमल, येतेस काय? लिनो कापू." मी म्हटलं, हिला आता माझ्याकडून काय पाहिजे? पॉलिसी विकत असेल, नाहीतर पुतण्याची शिकवणी घ्यायला लावेल, नाहीतर कीव करून राहिली असेल. तिसरी शंका मला सगळ्यात खरी वाटली. तरी आले. रिकामपणाला कंटाळले होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तू शाळेच्या स्टोअरमधून निकालात निघालेली लिनोची जुनी गुंडाळी घेऊन आली होतीस. ती इतकी वाळलेली, की तू तिचे तुकडे उन्हात ठेवायचीस, मग ते नरम यायचे. कटर कसं धरायचं ते दाखवलंस. "दुसरा हात नेहमी कटरच्या मागे ठेवजो, पुढे नोको. जे कापशील ते पांढरं, जे ठेवशील ते काळं. आणि रेघा लय जवळ घेऊ नोको. जुना माल आहे, दोन रेघांमधली भिंत तुटते." एवढंच शिक्षण. मी मोठ्या ऐटीत माझं नाव कोरलं. तू रोलरनं शाई लावलीस, कागद ठेवलास, चमच्याच्या पाठीनं घासलास आणि उचललास. नाव उलटं! सगळं आयुष्य फळ्यावर लिहिण्यात गेलं, आणि माझं स्वतःचं नाव मलाच वाचता येईना.

"तुला माहीत होतं. सांगितलं काऊन नाही?" मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस तू?" तू डोळ्यांतून पाणी येईतो हसलीस. मला वाटलं, ही फेब्रुवारीच्या तासांचा बदला घेऊन राहिली.

पण मी पुढच्या बुधवारीही आले. मग दर बुधवारी. तुझ्या ओट्यावरचा पाण्याचा बंब, तळ्याची पाळ चढणारी गाय, पाण्यात उभे असलेले सारस, धान मोजायची तुझी फुटकी पायली, सगळं कोरलं. बोटं काळी व्हायची आणि त्या काळ्यात माझे पांढरे डाग दिसेनासे व्हायचे, हे मी तुला कधी बोलले नाही. तू प्रत्येक छाप दोरीवर टांगायचीस आणि म्हणायचीस, "बरं आलंय." दर वेळी तेच. मला ते खुपायचं. मास्तरकीत मी कधी सगळ्या पोरांना "छान" म्हटलं नाही. सगळ्यांना छान म्हणणारी बाई पेपर न वाचता मार्क देते.

म्हणून मी तुझी परीक्षा घेतली. एका बुधवारी घरून मुद्दाम एक वाईट छाप करून आणली. सारसाचे पाय वाकडे, शाई थापलेली. तुझ्या हातात दिली आणि तोंड पाहत बसले. तू चष्मा वर केलास, खाली केलास.

"हे तुझं नाही."

"माझंच आहे."

"तू चुकतेस तेव्हा घाबरून चुकतेस. हे आरामात चुकलेलं आहे. मले तपासून राहिली काय वं?"

मी चोर पकडला गेल्यासारखी हसले. त्या दिवशी चहा फार गोड लागला. कोणीतरी माझा पेपर नीट वाचत होतं, कुंदा. तीस वर्षांत पहिल्यांदा. तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हटलं. पुढच्या बुधवारी पुन्हा शंका घेतच आले.

मग या उन्हाळ्यात तू आरसा आणून माझ्यापुढे ठेवलास. "आता तोंड कर स्वतःचं."

"मले नाही जमत."

"बंब जमला, गाय जमली. तू तर गायीहून सोपी आहेस, हलत नाहीस."

दोन बुधवार मी आरशाकडे पाठ करून गाय कोरली. तिसऱ्या बुधवारी बसले. काढला चेहरा, जसा आरशात दिसतो तसा थेट लिनोवर. पण डाग काढले नाहीत. डाव्या गालावर, ओठाजवळ, डोळ्याभोवती मी बारीक रेघा भरल्या, सगळीकडे सारखी सावली यावी म्हणून. मनासारखं होईना. पुन्हा रेघा, त्यांच्या मध्ये आणखी रेघा. दुपार कलली. मी ब्लॉक तुझ्याकडे ठेवून गाडी धरली.

पुढच्या बुधवारी आले तर छाप दोरीवर लटकत होती. माझा चेहरा, आणि त्यावर पांढरं स्वच्छ कोड. ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर उतरलेलं, डोळ्याभोवती फिरलेलं, अगदी आहे तिथे. अंगणात तुझा मुलगा, वर्षा, दूध घालायला आलेला गवळी, सगळे ते पाहत होते.

मी काय बोलले ते तुला पाठ असेल. "माझ्या ब्लॉकला तू हात लावलास."

"छाप मी काढली, हव. राहवलं नाही. तेवढा गुन्हा कबूल. कटर नाही लावलं."

"छाप काढायला लागलेला हात कटरला काऊन लागणार नाही? आणि हा डाग पाहा, उलट्या बाजूला आहे. हा माझा चेहराच नाही."

"तू आरसा पाहून कोरलंस, छापेत ते उलटं झालं. तुला आरशातली माहीत आहे, विमल. आम्हाला तू अशीच दिसतेस. सव्वीस वर्षं अशीच पाहिली."

"आणि हे पांढरं? हे मी कोरलं? हे मी लपवत होते!"

तू छापेतल्या पांढऱ्यावर बोट ठेवलंस. मग हळूच म्हणालीस, "त्याच जागी तू सगळ्यात जास्त कोरलंस."

मला वाटलं, माझ्या कानफटात बसली. इतकी वर्षं जे माझ्या तोंडावर कोणी बोललं नाही, ते तू करून दाखवलंस आणि वरून माझ्याच माथी मारून राहिलीस! तू ब्लॉक पुढे केलास. "घे, तपासून पाह. दोन पेपर ठेवून सांगत होतीस नं, कोणाचं कोणी उतरवलं?" मी पाहिलं नाही. "मले नाही पाहायचं," म्हटलं आणि निघून आले. तुझे दोन फोन आले. उचलले नाहीत. मनात म्हटलं, आता कबुली देईल, आणि कबुली ऐकायची माझी तयारी नव्हती. तू कीव केलीस हे खरं ठरलं असतं तर माझे दोन वर्षांचे बुधवार खोटे ठरले असते. त्यापेक्षा संशय बरा. संशयात थोडी जागा असते.

आज सकाळी खिडकीपाशी, उजेडात, मी पुडकं उघडायला बसले. सुतळी कापण्याआधी सांध्यावर पाहिलं. तुझ्या मागे रेललेल्या अक्षरात "कॉपी केस" लिहिलेलं. खाली साक्षीदाराच्या जागी तुझी सही. वरची जागा रिकामी. माझी. अगं बाई, मेल्यावरही थट्टा सोडली नाहीस! मी हसले आणि हसता हसताच मला रडू फुटलं. तेरा दिवसांत पहिल्यांदा.

ब्लॉक तू पुसलासुद्धा नव्हतास. काल वर्षा म्हणाली होती, "आई कोणालाच हात लावू देत नव्हत्या. म्हणायच्या, पुरावा आहे, मॅडम येऊन पाहतील." शाई वाळून काळी टणक झाली होती, त्यामुळे कोरलेला प्रत्येक चर उघडा दिसत होता. मी पेपर तपासायचं भिंग काढलं. कोपर टेबलावर टेकवलं.

तू डावखुरी. तुझ्या रेघा डावीकडे रेलतात, सहीसारख्या. गालावरून भिंग फिरवलं. कपाळ, नाक, मान. सगळ्या रेघा एकाच कलाच्या, उजव्या हाताच्या, म्हणजे माझ्या. मग पांढऱ्या भागावर आले. वरून तो सपाट दिसतो, पण तळाशी चरांच्या खुणा आहेत. त्याही उजव्या हाताच्या.

तरी माझं मन! म्हटलं, कुंदा ड्रॉइंगची बाई होती. माझ्या हातासारखं कोरणं तिला काय अवघड? म्हणून पुन्हा पाहिलं. आणि दिसलं. पाच चर, मग केसाएवढी मोकळी जागा. पुन्हा पाच, पुन्हा जागा. ओठापासून हनुवटीपर्यंत. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तुलाही नाही. मी रेघ ओढताना मनात पाच मोजते. वह्या मोजायची, पोरं मोजायची, तशी. त्या पाचांच्या मध्ये मी आणखी पाच घुसवल्या होत्या, आणि जुन्या लिनोच्या मधल्या भिंती तुटून गेल्या होत्या. तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस, रेघा जवळ घेऊ नको. दुसरीकडे कुठेच भिंत तुटली नाही. जिथे मी लपवायला बसले, नेमकी तिथेच.

तू कटर लावलं नव्हतंस. ते कोड मीच कोरलं. जितकं झाकायला गेले तितकं उघडं केलं. तू खरं बोलत होतीस आणि मी तुला खोटारडी म्हणून सोडून दिलं. सगळ्या तालुक्यात कॉपी पकडणारी बाई मी, स्वतःचं अक्षर ओळखता आलं नाही. चुकले मी, कुंदा. साफ चुकले. हे मी तुझ्यासमोर म्हणायला पाहिजे होतं, ओट्यावर, चहा पिताना. तू चहाची बशी फुंकत "असू दे नं" म्हणाली असतीस.

मी तशीच उठले, कामठ्याची गाडी धरली, आणि आत्ता तुझ्याच टेबलाशी बसून हे लिहून राहिले. वर्षानं तुझा रोलर धुऊन दिला. शाई मी लावली, चमचा मी घासला. छाप उचलली. दोरीवर टांगली आणि समोर बसून पाहिली, जसे लोक मला पाहतात तशी. डाग आहे त्या बाजूला. वाईट नाही दिसत, कुंदा. डोळ्याभोवतीचं तर बरं आलंय. ओठाखाली शाई जरा कमी बसली, पुढच्या वेळी सुधारीन.

छापेखाली पेन्सिलनं सही करायची असते, तू दर वेळी पेन्सिल पुढे करायचीस. मी दोन वर्षांत एकदाही केली नाही. सही केली की माणूस सापडतो. आज केली. सुलट, मोठ्या अक्षरात. मग ते खाकी कागदाचं वेष्टन सरळ केलं आणि साक्षीदाराच्या वरची रिकामी जागाही भरली.

मात्र एक शंका उरली आहे, ती तुला विचारल्याशिवाय उठणार नाही. ते ग्रुप फोटो. सव्वीस फोटो, आणि प्रत्येकात तुझा खांदा नेमका माझ्या डाव्या गालापुढे. मला वाटायचं मीच तुझ्याआड जागा शोधते. पण एखाद्या वर्षी तरी जागा चुकायला पाहिजे होती की नाही? एकदाही चुकली नाही. तूच सरकून उभी राहायचीस काय गं, फोटोवाला "रेडी" म्हणायच्या आत? आणि कधी बोललीसुद्धा नाहीस? सांगितलं असतंस तर मी कीव म्हणून भांडले असते, हे तुला ठाऊक होतं. म्हणूनच सांगितलं नसशील. या बाबतीत माझा संशय पक्का आहे, आणि तो खरा निघावा अशी माझी इच्छा आहे.

वर्षा आत्ता आली. म्हणते, "मॅडम, छापेसोबत एक फोटो काढू तुमचा? आईंच्या फोटोशेजारी लावते." मी दोरीजवळ जाऊन उभी राहिले. सवयीनं डावीकडे कोणाचा खांदा आहे का पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. मी पदर गालावर ओढला नाही, खांद्यावर होता तिथेच राहू दिला आणि वर्षाला म्हटलं, "काढ."